चरा पडलाय: मार्कर घ्यायचा, मेणकांडी घ्यायची की पॉलिशवाल्याला बोलवायचं?

गणपतीत सागवानी टेबलावर चौरंग मांडला होता. विसर्जनानंतर तो उचलायचा सोडून मी ओढला, आणि त्याच्या एका पायातून वर आलेल्या खिळ्याने टेबलावर वीतभर चरा काढला. मग काय, ऑनलाइन शोधाशोध. लाकडी रंगछटांचे सहा-आठ मार्कर, तेवढ्याच मेणाच्या कांड्या आणि एक शार्पनर असे संच काही शे रुपयांत मिळतात. मी घेतलाही. पण त्यातलं काय कुठे चालतं, हे कळायला आणखी एक कपाट बिघडवावं लागलं.

आधी चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख कुठेच अडकलं नाही आणि रेघ पांढरट दिसत असेल, तर लाकडाला काही झालेलं नाही. फक्त वरचं पॉलिश खरवडलंय, आणि त्या खरखरीत रेघेवर उजेड विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते. तिथे मार्करची गरजच नाही. हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल मागा, म्हणजे अळशीचं तेल. फडक्यावर दोन थेंब घेऊन चोळा आणि उरलेलं पुसून काढा. खोबरेलानेही रेघ जाते, पण ते वाळत नाही, वर धूळ धरतं. बेलतेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून बाहेर पसरून वाळवा.

नख जरासं लागतंय आणि आतलं फिकट लाकूड दिसतंय, हे मार्करचं काम. मार्कर रंग देतो, खड्डा भरत नाही. शिवाय त्याचा रंग पारदर्शक असतो. वर गडद छटा चढवता येते, पण गडद झालेलं फिकं करता येत नाही. म्हणून वाटते त्याहून एक छटा फिकी घ्या, लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढा आणि चार-पाच सेकंदांत फडक्याने पुसा. रंग चऱ्यात राहतो, आजूबाजूचा निघतो. कमी वाटला तर दुसरा हात द्या. फळीच्या कापलेल्या टोकाशी लाकूड जास्त रंग पितं, तिथे हात आखडता ठेवा.

छटांचीही गंमत आहे. संचावर नावं असतात ओक, मेपल, चेरी, वॉलनट, महोगनी. आपल्या घरात असतं सागवान आणि शिसव! माझ्या जुन्या सागाला ओकची छटा फिकी पडली, वॉलनट जास्त काळी. शेवटी आधी ओक, मग मधूनमधून वॉलनटच्या बारीक रेघा, असं जमवलं. सलग एकच रंग भरला की चऱ्याच्या जागी रंगाचा पट्टा दिसतो.

नख सरळ आत उतरत असेल किंवा कडेचा टवका उडाला असेल, तर मेणकांडी. ती चऱ्यावर आडवी घासून आत दाबायची आणि जास्तीचं मेण जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं. दोन रंग मिसळता येतात आणि चुकलं तर काढून पुन्हा भरता येतं, म्हणून नवख्याला मी मार्करच्या आधी हीच देईन. पण चहाचा गरम कप ठेवायच्या जागी मेण मऊ पडतं. आणि पुढेमागे पॉलिश करायचं मनात असेल तर मेण नकोच, त्यावर पॉलिश धरत नाही.

सनमायक्यात मार्कर मुरतच नाही, पुसला की निघून येतो. टवका उडून आतला तपकिरी कागद उघडा पडला असेल तर तेवढाच रंग घेतो. पांढऱ्या सनमायक्यावर पांढरी मेणकांडीच.

आता ते कपाट. आजीचं शिसवी, लाखेचं पॉलिश केलेलं. मी खुशाल मार्कर फिरवला. बऱ्याच मार्करमध्ये अल्कोहोल असतं आणि लाख त्यातच विरघळते. पुसायला गेलो तर रंगासकट पॉलिश फडक्याला चिकटलं आणि मागे तळहाताएवढा डाग. फर्निचर जुनं असेल तर आधी मागच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहा. चिकट झालं, की लाख आहे आणि मार्कर ड्रॉवरमध्येच बरा.

कपाटासाठी पॉलिशवाले काका आले. त्यांनी चपडा लाख, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवली होती. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा त्यात भिजवून ते गोल गोल फिरवत राहिले. नवी लाख जुन्या लाखेत मिसळून जाते, त्यामुळे तेवढ्याच जागेची दुरुस्ती होते. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या रासायनिक पॉलिशमध्ये तसं होत नाही, सांधा दिसू नये म्हणून अनेकदा पूर्ण फळीच घासावी लागते. एका चऱ्यासाठी तो खर्च मी करणार नाही.

टेबलावर शेवटी मार्कर आणि खिळा जिथे रुतला होता तिथे मेण, असं भागवलं. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की चरा अजून दिसतो. त्या जागी आता फळांची परडी असते.