फालशाला फसफस आणायची तर: बाटलीचा सोडा, मशीन की आल्याचं विरजण?

एप्रिल लागला की बडोद्याच्या आमच्या घरी एकच वाद सुरू होतो, सोड्याचं मशीन घ्यायचं का? लिंबू-सोडा कोपऱ्यावर मिळतोच. आम्हाला हवा असतो घरचा फालसा, कैरी-पुदिना, तोही आपल्या बेताच्या साखरेचा. दोन उन्हाळ्यांत तिन्ही प्रकार करून झाले.

बाटलीचा सोडा आणि मशीन, दोन्हीला लागणारा पाक एकच, आणि चव त्या पाकातच असते. पाव किलो फालसे दीडशे ग्रॅम साखरेत हातानं कुस्करायचे, अर्धा तास ठेवून गाळायचे. मिक्सर नको, बिया भरडल्या की तोंडात कचकच येते. पुदिना उकळला की काळवंडतो. म्हणून गॅस बंद करून गरम पाकात दहा मिनिटं झाकून ठेवते. पाकासाठी खंडेराव मार्केटात गवती चहा मागितलात तर भाजीवाली बघत राहील, ‘लीली चा’ म्हणा. एक भाग पाक, चार भाग सोडा.

बाटलीच्या सोड्यात कटकट नाही, आणि हळदीकुंकवाला तीस बायका येणार असतील तर दुसरा विचारच करू नका. फक्त लेबल वाचा. काही सोड्यांत सोडियम बायकार्बोनेट असतं, त्यानं कैरीचा आंबटपणा बोथट होतो. शिवाय उघडलेली बाटली संध्याकाळपर्यंत मवाळ.

मशीनचा सोडा चवीला साधा आणि हवा तेव्हा ताजा. पण पाणी फ्रिजमधलंच घ्या. पाच अंशांच्या पाण्यात वीस अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त गॅस विरघळतो. मे महिन्यात आमच्या माठाचं पाणी घालून पाहिलं, नुसती फुसफुस झाली. पाक नंतर, ग्लासात. आमच्या चिरंजीवांनी एकदा फालसा थेट मशीनमध्ये घातला, तो ओटा मी अजून घासतेय. संचळही, म्हणजे काळं मीठ, आधी पाकात विरघळवा, वरून चिमूट टाकलीत तर अर्धा गॅस तिथेच उडतो. मशीनची खरी गोम सिलिंडर. एक सिलिंडर साठ लिटरांचा म्हणतात, पण आमच्यासारखा झणझणीत सोडा हवा असेल तर तेवढा पुरत नाही, आणि रिकामा झाला की बदलून मिळेपर्यंत मशीन ओट्यावर शोभेला. रोज चार ग्लास पिणारं घर असेल तर घ्या. महिन्यातून दोनदा पाहुणे येणाऱ्यांनी नको.

राहिलं आल्याचं विरजण. आलं सालासकट किसून, साखर-पाणी घालून बरणीत, वर फडकं. रोज चमचा-चमचा आलं-साखर. आमच्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतात. सासूबाईंनी बरणी हुंगून विचारलं, “अगं, हे लोणचं की औषध?” हे गाळून फळाच्या रसात घालायचं आणि बाटली घट्ट बंद करायची. चवीला मात्र हे दोघांनाही मागे टाकतं, खोल आणि किंचित आंबूस. पण काचेची बाटली नको. माझी एक रात्री कपाटात फुटली, तुकडे डाळीच्या डब्यामागे सापडत राहिले. प्लॅस्टिकची बाटली दाबून पाहता येते, टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये.

आणि एक गोष्ट दडवून चालणार नाही. साखरेतून जे किण्व गॅस करतं तेच मद्यार्कही करतं. थोडाच, पण किती ते घरी मोजता येत नाही, आणि बाटली बाहेर राहिली की वाढतो. गुजरात राज्य झालं 1960 साली, तेव्हापासून इथे दारूबंदी. आमचे हे त्या बरणीला ‘परमिट’ म्हणतात. गंमत सोडा, पण लहान मुलांना, गरोदर बाईला किंवा दारू अजिबात न चालणाऱ्या पाहुण्याला हे देऊ नये. मी देत नाही.

यंदा मशीन घेतलेलं नाही. फ्रिजच्या दारात दोन बाटल्या सोडा, बाजूला फालशाचा पाक. विरजणाची बरणी आहे, पण ती माझ्यापुरती.