‘दुखण्याचं फॉर्मात लिहू नका’ म्हणणारा कन्सल्टंट

मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. म्हणजे कण्याचा आणि कंबरेच्या सांध्यांचा जुनाट संधिवात. दर पंधरा दिवसांनी अ‍ॅडालिमुमॅबचं ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन पोटावर टोचून घेतो, म्हणून चारचौघांसारखा उठतो-बसतो. औषध महागडं. फ्रिजात २ ते ८ अंशांवर जपायचं आणि मनाला येईल तेव्हा बंद करायचं नाही. कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्याचं, डोक्यात आलं तेव्हा पहिली धास्ती हीच होती की असलं औषध घेणाऱ्या माणसाला ते लोक कशाला घेतील? ती धास्ती मी इमिग्रेशनचे अर्ज भरून देणाऱ्या कन्सल्टंटसमोर पहिल्याच भेटीत बोलून दाखवली. पुढचं सगळं त्याने त्या एका वाक्यावर उभं केलं.

त्याने कागद काढला. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३८: सरकारी आरोग्यसेवेवर फार बोजा पडेल अशा अर्जदाराला नाकारता येतं. खाली खर्चाच्या मर्यादेचा आकडा आणि त्याभोवती लाल पेनाचं वर्तुळ. कलम खरं होतं, पण आकडा शिळा. ही मर्यादा २०१८ मध्येच तिप्पट झाली होती आणि २०२४ साली ती वर्षाला २६,२२० कॅनेडियन डॉलर होती. माझ्या औषधाचे बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं, तिथे मिळतात आणि त्यांचा वर्षाचा खर्च या मर्यादेच्या आत बसतो. हे मला घरी बसून तासाभरात शोधता आलं असतं. शोधलं नाही. लाल वर्तुळ बघूनच हातपाय गळाले होते.

मग त्याने ‘मेडिकल मॅनेजमेंट’ नावाचं वेगळं पॅकेज पुढे केलं, नेहमीच्या फीच्या वर. फॉर्मात आजाराचं लिहायचं नाही. मेडिकलच्या, म्हणजे व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीच्या, आधी दोन इंजेक्शनं चुकवायची, म्हणजे रक्तात काही दिसणार नाही. आणि मेडिकल ‘आपल्या’ डॉक्टरकडे, तिथे सेटिंग आहे. औषधाचं पुढे काय, असं विचारलं तर हसून म्हणाला, “साहेब, तिकडे गेल्यावर सगळं फुकट.”

मी पैसे भरले, दोन हप्त्यांत. आणि दोन इंजेक्शनं चुकवलीसुद्धा. शिकलासवरलेला माणूस हे कसं करतो, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी पलंगाच्या कडेला बसलो होतो, मोजा हातात. पाय गुडघ्यात दुमडून वर घ्यायचा होता आणि कंबर वाकेना. पाठीत जणू कुणी सळई घातली होती. पाच मिनिटं तसाच बसून राहिलो. शेवटी बायकोने मोजे घातले, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि एकच विचारलं, “इंजेक्शन कधी घेतलं होतंस?” खोटं बोलता आलं नाही.

त्याच दिवशी माझ्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरकडे गेलो. मॅडम चिडल्या, आणि रास्तच होतं. या औषधात खंड पडला तर शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं, मग तेच औषध पुन्हा सुरू केलं तरी आधीसारखं लागू पडेल याची खात्री नसते. हे त्यांनी मला तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

आणि हे सगळं कशासाठी? कॅनडाच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे आणि रक्त-लघवीच्या ठरावीक तपासण्या असतात. अ‍ॅडालिमुमॅब हुडकणारी तपासणी त्यात नाहीच. मेडिकल त्यांनी नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच होतं, अहवाल तो परस्पर त्यांच्या यंत्रणेत पाठवतो आणि निर्णय तिकडचा इमिग्रेशन विभाग घेतो. सेटिंग करायला मधे जागाच कुठे आहे?

त्या रात्री हट्ट धरून कन्सल्टंटकडून अर्जाच्या ऑनलाइन अकाउंटचा पासवर्ड मिळवला. अर्ज अजून सबमिट व्हायचा होता, हे माझं नशीब. गंभीर आजार आहे का, या प्रश्नापुढे ‘नाही’. प्रतिनिधीचा रकाना कोरा, म्हणजे अर्ज जणू मीच एकट्याने भरलेला. खोटी माहिती पकडली गेली तर कलम ४० खाली पाच वर्षं अर्जाचा दरवाजा बंद, आणि गुन्हेगार मी. त्याचं नाव त्या अर्जात कुठेच नव्हतं. अशा लोकांना तिकडे ‘घोस्ट कन्सल्टंट’ म्हणतात, ते का हे तेव्हा कळलं.

त्याच्या कार्डावर लायसन्स नंबर होता. कॅनडात कन्सल्टंटांचं नियमन करणारी ‘कॉलेज’ नावाची संस्था आहे, तिची यादी कुणालाही ऑनलाइन बघता येते. नंबर सापडला, पण नाव भलत्याच बाईंचं. विचारलं तर म्हणाला, “त्या आमच्या असोसिएट.” मग त्याने फोन उचलणं बंद केलं.

अर्ज मी स्वतः पुन्हा भरला. ‘हो’ वर टिक केली, मॅडमचं पत्र जोडलं: निदान, डोस, प्रकृती स्थिर. औषध फुकट मिळतं हीही थापच निघाली. तिथली सरकारी योजना डॉक्टर आणि हॉस्पिटलचा खर्च उचलते. बाहेरच्या औषधांचं प्रांताच्या योजनेवर आणि नोकरीतल्या विम्यावर ठरतं. ऑक्टोबर २०२४ मधल्या फार्माकेअर कायद्याची, म्हणजे औषधांचा खर्च सरकारने उचलण्याच्या कायद्याची, सुरुवात गर्भनिरोधकं आणि मधुमेहाच्या औषधांपासून आहे, माझं त्यात नाही. ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतात तर सरकारी कव्हर सुरू व्हायलाच दोन-तीन महिने जातात. तेवढी इंजेक्शनं सोबत नेण्याचा हिशोब आता वहीत मांडून ठेवलाय.

पैशांसाठी पोलिसांत गेलो. अंमलदाराने पावती मागितली. पावतीवर फर्मचा शिक्का, रक्कम आणि दोनच शब्द होते: ‘डॉक्युमेंटेशन चार्जेस’. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “यात कॅनडा कुठे लिहिलंय?”