तीस सेंटिमीटरचा पृथ्वीगोल: डिसेंबर ते श्रावण वापरल्यानंतर

घरात आठवीतली मुलगी आणि राज्यसेवेची तयारी करणारा भाचा, म्हणून डिसेंबरात 30 सेंटिमीटर व्यासाचा साधा, आत दिवा नसलेला पृथ्वीगोल घेतला. आता श्रावण सुरू झालाय. इतके महिने तो रोज कुणाच्या ना कुणाच्या हातात असतो. माझं मत ठाम झालंय: जगाचा भूगोल समजून घ्यायचा असेल तर भिंतीवरच्या नकाशाआधी गोल घ्या. भारताच्या, विशेषतः महाराष्ट्राच्या अभ्यासाला मात्र तो अजिबात पुरत नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

भिंतीवरच्या नकाशांपैकी बरेच मर्केटरच्या पद्धतीचे असतात. ती 1569 सालची, दर्यावर्दी लोकांच्या सोयीची. दिशा अचूक राहाव्यात म्हणून तिच्यात ध्रुवांकडचे प्रदेश ताणावे लागतात आणि ग्रीनलँड पार आफ्रिकेएवढं दिसायला लागतं. आम्ही गोलावरचं ग्रीनलँड ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलं आणि भारतावर ठेवलं. भारतच मोठा निघाला. आकडेही तेच सांगतात: ग्रीनलँड साधारण 21.7 लाख चौरस किलोमीटर, भारत 32.87 लाख आणि आफ्रिका तीन कोटींच्या वर. भाच्याने हे आकडे पूर्वी पाठ केले होतेच, पण कागद सरकवून पाहिल्यावर त्याला ते परत पाठ करावे लागले नाहीत.

सोबत एक दोरा ठेवा. मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोन टोकं धरून ताणला, की तो अरबस्तान, भूमध्य समुद्र असा पश्चिमेकडे जात नाही. अफगाणिस्तान, मॉस्कोचा परिसर, फिनलंड, आइसलँड करत तो ग्रीनलँडच्या दक्षिण टोकापाशी पोचतो आणि तिथून कॅनडात उतरतो. गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर ते हेच. दोऱ्याची लांबी तीस सेंटिमीटरला जरा कमी भरली, म्हणजे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे कळायची सोय नाही.

अक्षवृत्तांवरून बोट फिरवणं हा मुलीचा आवडता उद्योग. मुंबईच्या 19 अंश उत्तरेवरून निघालं की हवाईचं मोठं बेट आणि मेक्सिको सिटी जवळपास त्याच ओळीत येतात. मग मेक्सिको सिटीला मुंबईसारखा उकाडा का नाही? ते शहर 2,240 मीटर उंचीवर आहे म्हणून. लंडन न्यूयॉर्कच्या दहा अंशांहून जास्त उत्तरेला असूनही तिथला हिवाळा सौम्य का? तिथे उत्तर अटलांटिक प्रवाह (समुद्रातला उबदार पाण्याचा प्रवाह) आणि पश्चिमी वारे यांच्यापाशी यावं लागतं. धड्यातला प्रश्न असा आपणहून समोर आला की उत्तर शोधायला मुलं स्वतः धावतात. जैसलमेरच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पार पॅसिफिकमध्ये, ईस्टर बेट आहे, हे तिचं तिनेच शोधलं.

पण या गोलाचा सगळ्यात मोठा उपयोग उन्हात होतो, आणि तो खोक्यावर कुठेही छापलेला नव्हता. वरची टोपी सैल करून गोल स्टँडवरून काढायचा. जुन्या साडीची चुंबळ करून गच्चीवर ठेवायची आणि त्यावर गोल असा बसवायचा, की आपलं गाव अगदी वर येईल आणि उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे राहील. बस, झालं. आता गोलाचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, त्यामुळे त्याच्या ज्या अर्ध्या भागावर ऊन पडलंय, पृथ्वीच्याही त्याच अर्ध्या भागावर त्या क्षणी दिवस आहे. उजेडाची पश्चिमेकडची कड म्हणजे सूर्योदय, पूर्वेकडची म्हणजे सूर्यास्त. मार्चमध्ये विषुवदिनाच्या सुमारास दुपारी पाऊण वाजता पाहिलं तेव्हा पश्चिम आफ्रिकेच्या टोकाला, डाकारच्या आसपास उजाडत होतं आणि सॉलोमन बेटांकडे सूर्य मावळत होता. डिसेंबरात अंटार्क्टिका पूर्ण उन्हात होता आणि उत्तर ध्रुव काळोखात. अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे हे वाक्य मी शाळेत शेकडो वेळा लिहिलं असेल. ते काय करतं हे या गच्चीवर दिसलं.

मे महिन्यात काड्यापेटीच्या काड्यांचे तुकडे मेणाने गोलावर उभे चिकटवले. महिन्याच्या मध्यावर, दुपारी 12:35 च्या सुमारास, मुंबईवरच्या काडीची सावली नाहीशी झाली. बाराला नाही, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82°30' रेखावृत्तावर चालतं. मुंबई 73 अंशांवर, म्हणजे साडेनऊ अंश पश्चिमेला, आणि दर अंशाला चार मिनिटं. जुना ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे असायचा, त्याचं कारण हेच. पुढे जूनच्या सुरुवातीला, ढग यायच्या आधी, बिनसावलीची जागा कर्कवृत्ताच्या जवळ सरकली होती आणि मुंबईच्या काडीची इवलीशी सावली दक्षिणेकडे पडली होती. भाचा म्हणाला, “मामी, कर्कवृत्त कोणत्या आठ राज्यांतून जातं एवढंच मी पाठ करत होतो. ते तिथेच का, हे कधी विचारलंच नाही.”

आता उणिवा. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर. एव्हरेस्टची 8,849 मीटर उंची या प्रमाणात फक्त 0.2 मिलिमीटर होते. त्यामुळे डोंगर हाताला लागतात अशी जाहिरात असलेले उठावाचे गोल मी मुद्दाम टाळले, त्यांत उंची कितीतरी पटींनी वाढवलेली असते. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 800 किलोमीटर, ती इथे दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. कोकणची एकही खाडी दिसत नाही. प्रमाणाने किती फरक पडतो याचं मोठं उदाहरण सरकारी आकड्यांतच आहे: भारताचा किनारा वर्षानुवर्षं 7,516 किलोमीटर शिकवला गेला, अलीकडे जास्त तपशिलाच्या नकाशांवर मोजला तर तो 11 हजारांच्या वर गेला. तेव्हा नद्या, घाट, जिल्हे, खनिजं यांसाठी चांगला मराठी नकाशासंग्रह शेजारी हवाच. आमचा गोल इंग्रजीत आहे, नावं बारीक आहेत आणि चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटचा उजेड चमकतो. विषुववृत्तावरचा जोडही किंचित हुकलाय, त्यामुळे सुमात्रा आणि बोर्निओ मधोमध तुटल्यासारखे दिसतात. दुकानात हे लक्षात येत नाही, म्हणून जोडावरून बोट फिरवून पाहा.

गोल ताजा आहे का हे काही नावांवरून कळतं. सुदानच्या खाली दक्षिण सुदान (2011) वेगळा हवा, स्वाझीलँडच्या जागी एस्वातिनी (2018) हवं, मॅसेडोनियाच्या आधी ‘उत्तर’ (2019) हवं. लडाख 2019 पासून वेगळा केंद्रशासित प्रदेश आहे, तोही बघा. परदेशी बनावटीचा गोल घेत असाल तर जम्मू-काश्मीरची सीमा आधी तपासा, भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा छापणं 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. गोल धरून ठेवणारी स्टँडची कमान शक्यतो धातूची घ्या, प्लास्टिकची आमच्याकडे एप्रिलमध्येच वाकली. आणि वीस सेंटिमीटरचा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्यावर युरोपातले देश वाचताच येत नाहीत.