जिप्सी, एस्टीम की फॉर्म्युला मारुती? तुटपुंज्या रकमेत जुनी शर्यतीची गाडी उभी करताना

हातात मोजकी रक्कम, घरामागे रिकामा कोठा आणि तालुक्याच्या गावी लेथ व वेल्डिंगचे एखादे बरे दुकान, एवढ्या भांडवलावर विदर्भात जुनी शर्यतीची गाडी पुन्हा उभी करायची असेल, तर प्रत्यक्ष हाती लागू शकतील असे पर्याय मुख्यतः तीन आहेत. पहिला, रॅलीत वापरलेली मारुती जिप्सी; दुसरा, रॅलीसाठी किंवा ट्रॅकसाठी तयार केलेली मारुती एस्टीम; आणि तिसरा, फॉर्म्युला मारुती, म्हणजे मारुती ८००च्या इंजिनावर बांधलेली एका आसनाची उघडी शर्यतीची गाडी. या तिघींची तुलना बहुतेक लोक वेगावरून किंवा अश्वशक्तीवरून करतात. खेड्यात राहून, स्वतःच्या खिशातून काम करणाऱ्याने मात्र ती आधी सांगाड्यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण इंजिनाचा खर्च अंदाजात बसवता येतो आणि सडलेल्या किंवा वाकड्या सांगाड्याचा बसवता येत नाही.

इंजिनांचा विचार केला, तर तिन्ही गाड्या सुझुकीच्याच घराण्यातल्या आहेत. जिप्सी १९८५च्या अखेरीस ९७० सीसी इंजिनासह बाजारात आली; १९९६ मध्ये तिला १२९८ सीसीचे इंजिन मिळाले आणि २००० मध्ये सोळा व्हॉल्व्हचे, सुमारे ८० अश्वशक्तीचे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारे) इंजिन आले. एस्टीम १९९४ मध्ये आली आणि १९९९ नंतरच्या एमपीएफआय एस्टीममध्ये त्याच १२९८ सीसी कुळातले सुमारे ८५ अश्वशक्तीचे इंजिन होते. २००५च्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही याच कुळातले इंजिन बसवलेले असल्याने भंगारातून सुटे भाग मिळण्याची शक्यता आणखी वाढते. फॉर्म्युला मारुतीत ८००चे तीन सिलिंडरांचे ७९६ सीसी इंजिन गिअरबॉक्ससह चालकाच्या पाठीमागे बसवलेले असते. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी या गाड्या घडवल्या आणि फॉर्म्युला वनमध्ये धावलेला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन याची सुरुवातही याच प्रकारच्या गाडीतून झाली. तिन्ही इंजिनांचे रिंग-पिस्टन, बेअरिंग आणि गॅस्केट आजही मिळतात व रिबोअर (झिजलेले सिलिंडर पुन्हा कोरणे) किंवा हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणे) यांसाठी फार लांब जावे लागत नाही. त्यामुळे इंजिन बंद पडलेले आहे एवढ्याच कारणावरून चांगला सांगाडा सोडून देऊ नये आणि इंजिन सुरेख वाजते एवढ्यावरून कुजका सांगाडा घेऊ नये.

आता सांगाड्याकडे येऊ. आपल्याकडे वेल्डिंगवाल्यांची कमतरता नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखर, पेरणीयंत्रे आणि जिनिंगची जुनी यंत्रे यांवर काम करून त्यांचे हात तयार झालेले असतात; परंतु ते काम जाड लोखंडाचे आणि आर्क वेल्डिंगचे असते. जिप्सीची चेसिस शिडीच्या आकाराची, स्वतंत्र आणि जाड पत्र्याची असल्यामुळे या कारागिरांचे कौशल्य तिच्यावर थेट उपयोगी पडते. बॉडीचे बोल्ट सोडून ती चेन-पुलीने उचलली की संपूर्ण चेसिस डोळ्यांसमोर उघडी होते, आणि काय सडले आहे याचा सोक्षमोक्ष एका दुपारी लागतो. तपासण्याची जागा म्हणजे चेसिसच्या पेटीसारख्या भागांच्या आतली बाजू. तिथे काळ्या मातीचा चिखल एकदा भरला की तो पाणी धरून ठेवतो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत असतानाच लोखंड आतून खात राहतो. हातोडीने टकटक केल्यावर आवाज बद्द आला, तर तिथे टोचा लावून पाहावा.

एस्टीममध्ये वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा असून त्याचा बराचसा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. ट्रॉली जोडणाऱ्या हाताने यावर रॉड लावला की पत्रा जोडण्याऐवजी भोक मोठे होत जाते. या कामाला मिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात बारीक तारेने होणारे) आणि ते पातळ पत्र्यावर थांबत-थांबत करणारा माणूस लागतो. असा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणच्या डेंटिंगच्या दुकानात सापडतो, पण त्याचा वेळ विकत घ्यावा लागतो आणि गाडी त्याच्यापर्यंत न्यावी लागते. समुद्रकाठच्या शहरातून आलेली एस्टीम असेल, तर दारांखालचे उंबरे, मागच्या शॉकअॅब्झॉर्बरच्या वरच्या बैठकी आणि पायांखालचा पत्रा आधी पाहावा. विदर्भाच्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी या बाबतीत बरी असते. मात्र शर्यतीत वापरलेल्या गाड्या मुख्यतः चेन्नई, कोइम्बतूर, बंगळूर, पुणे या भागांतून येतात, हे विसरून चालणार नाही. सांगाडा वाकलेला आहे का, हे पाहण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सपाट फरशीवर गाडी स्टँडवर उभी करून, ओळंब्याने चार-सहा ठरावीक बिंदू खाली फरशीवर उतरवावेत आणि कर्ण टेपने मोजावेत. दोन्ही कर्णांत डोळ्यांत भरण्याजोगा फरक असेल, तर त्या गाडीचा विषय तिथेच संपवावा.

फॉर्म्युला मारुतीचा सांगाडा नळ्यांचा असतो. वरकरणी हे सोपे वाटते, कारण सगळे उघडे आहे आणि नळी बदलता येते. प्रत्यक्षात सस्पेन्शनचे हात जिथे जोडलेले असतात त्या सांध्यांवर बारीक तडे जातात आणि ते रंगाखाली दिसत नाहीत. रंग खरवडून, वेल्डिंगच्या तपासणीसाठी वापरतात ती लाल रंग आणि पांढऱ्या पावडरीची फवारणी करून प्रत्येक सांधा तपासावा लागतो. त्याचे तीन डबे औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतात आणि एवढ्या थोड्या पैशांत एवढी मोलाची माहिती देणारे दुसरे साधन नाही. खरी अडचण पुढे येते. या गाडीचे सस्पेन्शनचे हात दुकानात तयार मिळत नाहीत. तुटलेला भाग नमुना ठेवून लेथवर आणि जिगवर (माप पक्के धरून ठेवणाऱ्या साच्यावर) नवा घडवावा लागतो, आणि दोन्ही बाजूंचे माप केसभरही न चुकवता घडवावा लागतो. लेथवाला निष्णात असला तरी त्याच्या हाती नकाशा नसतो.

रोलकेजचा, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याचा, मुद्दा यापेक्षाही गंभीर आहे, आणि काटकसरीच्या नावाखाली सर्वाधिक घोळ इथेच होतो. जिप्सी आणि एस्टीम या दोन्ही गाड्यांत जुने रोलकेज बसवलेले असेल, तर ते कशाचे आहे, हे मोजून घ्यावे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार ही नळी थंड ओढलेल्या, जोड नसलेल्या कार्बन पोलादाची असावी लागते. मुख्य कमान किमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची किंवा ५० मिमी व्यासाची आणि २ मिमी जाडीची, तर इतर बहुतेक नळ्या ३८ मिमी व २.५ मिमी किंवा ४० मिमी व २ मिमी. बोअरच्या पाण्याची जीआय नळी किंवा मंडपाची नळी वाकवून केलेले केज उलटण्याच्या वेळी आत बसलेल्या माणसाच्या अंगावर कोसळते. शिवाय जस्ताचा थर असलेल्या नळीवर वेल्डिंग करताना निघणारा धूर वेल्डरच्या फुप्फुसांना घातक असतो, ही गोष्ट वेगळीच. जुने केज संशयास्पद असेल, तर त्याची किंमत शून्य धरून सौदा करावा, आणि नवे केज गावात न करता त्या कामातल्या माणसाकडून करून घ्यावे. आसनाचे पट्टे आणि स्पर्धेचे आसन हे निर्मितीनंतर साधारण पाच वर्षांनी स्पर्धेसाठी बाद ठरतात. विक्रेत्याने कितीही कौतुक केले तरी त्यांनाही मोल नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न तिन्ही गाड्यांना आहे, पण सारखा नाही. चंद्रपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. १२९८ सीसीच्या या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड अॅल्युमिनियमचे आहेत. एकदा इंजिन तापले की हेड वाकते, गॅस्केट उडते आणि केलेले इंजिनकाम वाया जाते. जिप्सी आणि एस्टीममध्ये रेडिएटरला नवा गाभा आणि चांगला पंखा बसवून हे टाळता येते. फॉर्म्युला मारुतीचा रेडिएटर मात्र धावत्या गाडीच्या वाऱ्यावर विसंबून मांडलेला असतो, त्यामुळे ती कोठ्यासमोर उभी ठेवून इंजिन जुळवत बसण्याचे काम हिवाळ्यातच करावे. पाण्याबाबत एक स्थानिक इशारा द्यायला हवा: अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये कधीही भरू नये. त्यातले क्षार अॅल्युमिनियमचे हेड आतून खातात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचा खर्च हेडच्या तुलनेत नगण्य आहे.

पेट्रोलचाही विचार करावा लागतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते आणि ते जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरचे पडदे फुगवते. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी ठेवणे बरे. कार्बोरेटरच्या गाडीत हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि जेट (पेट्रोलचे माप ठरवणारी बारीक भोकाची तोटी) बदलावा लागतो. हा त्रास फॉर्म्युला मारुतीला आणि जुन्या जिप्सीला अधिक, एमपीएफआय एस्टीमला कमी.

जिप्सीच्या बाजूने सर्वांत वजनदार कारण विदर्भातच आहे. ताडोबा, पेंच, मेळघाट आणि नवेगाव-नागझिरा इथल्या जंगल सफारींमुळे या गाडीवर रोज हात चालवणारे मिस्त्री त्या भागांतल्या गावांत तयार झाले आहेत. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), पुढचा अॅक्सल, पाट्यांचे स्प्रिंग या गोष्टी त्यांना तोंडपाठ असतात, आणि भाग कुठल्या दुकानात मिळेल हेही ते सांगतात. याच कारणाची दुसरी बाजू अशी की, २०१८-१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबल्यावरही तिची मागणी टिकून राहिली, आणि म्हणून मोडकी जिप्सीदेखील स्वस्त मिळत नाही. एस्टीमला असा कोणी वाली नाही. त्यामुळे ती स्वस्त पडते आणि तुलनेने वेगवानही असते. रस्त्यावरच्या साध्या एस्टीमचे दुसरे धूड भागांसाठी विकत घेऊन कोठ्यात ठेवणे हा मार्ग एस्टीमवाल्यालाच परवडतो.

दुरुस्त झाल्यावर गाडी चालवणार कुठे, हा प्रश्न खरेदीपूर्वी सुटलेला असावा. फॉर्म्युला मारुती रस्त्यावर नेता येत नाही. ती ट्रेलरवरूनच जाते आणि तिच्यासाठी चेन्नईजवळ १९९० पासून असलेला ट्रॅक किंवा कोइम्बतूरचा करी स्पीडवे गाठावा लागतो. नागपूरहून चेन्नईच हजार किलोमीटरहून लांब आहे. एका फेरीत डिझेल, मुक्काम, प्रवेश शुल्क आणि परवाना मिळून जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एस्टीमचे बरेच काम निघते. ट्रॅकची एस्टीम याच अडचणीत असते, जर तिची नोंदणी रद्द झालेली असेल तर. नोंदणी जिवंत असेल, तर पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी, हरित कर आणि परराज्यातली असल्यास ना-हरकत प्रमाणपत्र, एवढे सोपस्कार होतात. परंतु मूळ रचनेत केलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आड येतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नियमांचा लाभ या तिन्हींपैकी कोणालाही आज मिळत नाही. नोंदणीकृत जिप्सीला मात्र खुल्या रस्त्यावर वेळ-वेग-अंतराच्या हिशेबाने होणाऱ्या रॅलींत भाग घेता येतो, आणि कापूस वेचून झालेल्या स्वतःच्या वावरात तिचे सस्पेन्शन तपासायला कोणाची परवानगी लागत नाही.

इथे कोणी प्रीमियर पद्मिनीचे नाव काढेल. १०८९ सीसीची ती गाडी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवरील शर्यतींत धावली आहे आणि तिच्याबद्दलचा जिव्हाळा समजण्यासारखा आहे. पण तिचा पत्रा आणि आता दुर्मीळ झालेले भाग पाहता तुटपुंज्या रकमेत तिच्या वाटेला जाऊ नये.

कामाचा क्रम विदर्भात ऋतू ठरवतो. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हाती येतो, तेव्हा सांगाड्याचे काम घ्यावे आणि फेब्रुवारीअखेर रंग उरकावा, कारण पुढे धुळीची वावटळ आणि त्यानंतर पावसाळी दमट हवा रंगाची नासाडी करते. फॉर्म्युला मारुतीचे फायबरकामही याच काळात व्हावे. कडक उन्हात हार्डनर घातलेले रेझिन हात फिरायच्या आत घट्ट होते. उघडा केलेला सांगाडा युरियाच्या पोत्यांसोबत एका खोलीत ठेवू नये, कारण ओल धरलेले खत लोखंड झपाट्याने खाते. उंदरांपासून वायरिंग वाचवणेही तितकेच गरजेचे असते.

गाडी दक्षिणेतून आणायची असेल, तर संत्री पोहोचवून परतणाऱ्या ट्रकवाल्यांशी आधीच बोलून ठेवावे. बंगळूरहून येणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हिंगणघाटवरूनच नागपूरला जातो. माझ्या हिशेबाने खरेदीवर एकूण रकमेचा तिसरा हिस्साच घालावा. त्यात नोंदणी जिवंत असलेली आणि चेसिस शाबूत असलेली जिप्सी बसत असेल, तर दुसरा विचार करू नये, मग तिचे इंजिन खोक्यात भरून मिळत असले तरी चालेल. ती बसत नसेल आणि पातळ पत्र्याचे काम जाणणारा माणूस हाताशी असेल, तर एस्टीम घ्यावी. सोबत विक्रेत्याकडून शर्यतीचे गिअर, जादा चाके आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट मागून घ्यावा, कारण हे नंतर शोधून सापडत नाही. फॉर्म्युला मारुती फक्त त्याने घ्यावी, ज्याचा चेन्नई किंवा कोइम्बतूरकडे कोणी विश्वासू भागीदार आहे आणि जो सौद्यापूर्वी स्वतः त्या गाडीत बसून पाहील. उंच आणि रुंद बांध्याच्या माणसाचे गुडघे स्टिअरिंगखाली मावत नाहीत, आणि नळ्यांचा सांगाडा त्याच्यासाठी रुंद करता येत नाही.