जुन्या निकॉन लेन्स, डी700 आणि झेड5: फिल्म सोडल्यानंतरचा अनुभव

फिल्मवरून डिजिटलकडे जायचं म्हटलं की एक सल्ला ठरलेला असतो. "मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, नादाला लागू नकोस. जुना, दणकट, आरशाचा डीएसएलआर घे. व्ह्यूफाइंडर काचेचा, लेन्स आहेत त्याच बसतील, हात बसायला वेळ लागणार नाही." मलाही हेच सांगितलं गेलं आणि मी सेकंडहँड निकॉन डी700 घेतला. पुढे धाकट्या भावानं लग्नांच्या कामासाठी मिररलेस निकॉन झेड5 आणला आणि तो अधूनमधून माझ्या हातात येऊ लागला. एक पावसाळा, गणेश चवथ आणि जत्रांचा अख्खा हंगाम दोन्ही वापरून माझं मत त्या सल्ल्याच्या नेमकं उलट झालंय. हातानं फोकस करायच्या जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर जास्त सुखानं चालतात.

आधी सामान सांगते. फिल्मचा निकॉन एफएम2, त्याच्या 50 एमएम एफ/1.8 आणि 105 एमएम एफ/2.5 या दोन एआय-एस (हातानं फोकस करायच्या) लेन्स, आणि नंतर घेतलेली 80-200 एफ/2.8 एएफ-डी, म्हणजे बॉडीतल्या मोटरनं ऑटोफोकस होणारी. एवढ्यासाठी फुल-फ्रेमच, म्हणजे फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर, हवा होता. लहान सेन्सरवर दीडपटीचा हिशेब लागतो आणि 50ची लेन्स 75सारखी बघायला लागते. गोव्यात फोंड्यातल्या आमच्या घरात तेवढं मागं सरकायला जागाच नाही. शिवाय निकॉनच्या 3000 आणि 5000 मालिकेतल्या स्वस्त बॉडी एआय-एस लेन्स लावली की मीटर दाखवत नाहीत, आणि त्यांच्यात मोटर नसल्यानं एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकसही चालत नाही. लेन्स बसते, पण नुसतं बसून काय करायचं?

डी700 कागदावर या लेन्ससाठीच बनवल्यासारखा आहे. 2008चा कॅमेरा, 12.1 मेगापिक्सेल. एफ माउंट 1959 पासून चालत आलेला. जुन्या लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगला अडकणारी खुंटी त्यात आहे, त्यामुळे मेन्यूत फोकल लेंग्थ आणि अ‍ॅपर्चर एकदा भरलं की मॅट्रिक्स मीटरिंगसुद्धा मिळतं. 80-200 वर ऑटोफोकस खणखणीत. इथवर सगळं सल्ल्याप्रमाणे.

अडचण डोळा लावल्यावर कळते. एफएम2च्या स्क्रीनमध्ये मधोमध दोन तुकड्यांचं वर्तुळ आहे. नाकाची कड तुटलेली दिसते, रिंग फिरवली की जुळते, जुळली की दाबायचं. डी700ची स्क्रीन ऑटोफोकससाठी केलेली. उजळ, गुळगुळीत, आणि लेन्स पूर्ण उघडी असताना खरी फील्डची खोली (किती भाग शार्प येईल ते) दाखवतच नाही. डोळ्याला सगळं बरोबर वाटतं आणि कॉम्प्युटरवर कळतं, डोळे आउट गेलेत, कान मात्र शार्प आहेत. फोकस जुळल्याचा हिरवा ठिपका खाली कोपऱ्यात लागतो खरा, पण रिंग थोडी पुढंमागं झाली तरी तो लागलेलाच राहतो. आणि नजर ठिपक्यावर ठेवायची की माणसावर?

पेडण्याकडच्या दशावतारी काल्यात हे सगळ्यात जास्त जाणवलं. रात्री उशिरा संकासुर येतो. काळा पोशाख, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. तो एका जागी उभा राहत नाही, लोकांत घुसतो, पोरांना पळवतो. 105 उघडी ठेवून डी700 वर त्या जिभेवर फोकस बसवणं म्हणजे निम्मा नशिबाचा खेळ. झेड5 वर एफ माउंटच्या लेन्स बसवणारा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून तीच लेन्स, तोच खेळ: बटण दाबून चित्र मोठं केलं, जिभेच्या कडेवर फोकस पीकिंगची रंगीत रेघ आली, दाबलं. निघालेल्या फोटोंतले ठेवण्यासारखे कितीतरी जास्त. त्यात कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन. त्या 105 ला जन्मात कधी ते मिळालं नव्हतं; मेन्यूत फोकल लेंग्थ भरली की झालं. संकासुर हललेला येतो तो येतोच, पण पायपेटीवर बसलेले बुवा स्वच्छ येतात.

सगळंच गोड नाही. एफटीझेडमध्ये ती खुंटी नाही, म्हणजे रिंगवर एफ/8 ठेवलं की लेन्स तेवढीच मिटलेली राहते. उघडून फोकस करायचा, मग मोजून मिटवायचं, हे दरवेळी. एफएम2 आणि डी700 हे काम क्लिकच्या क्षणी आपणहून करतात. कुठल्या अ‍ॅपर्चरला काढला हेही फाइलमध्ये नोंदवलं जात नाही. एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस अ‍ॅडॉप्टरवर चालतच नाही. अंधारात इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दाणे नाचतात. आणि नाटकात आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावायचा मोह होईल. एलईडीच्या उजेडात तो लावू नका, फोटोभर आडवे पट्टे येतात. नाटकवाल्यांना शटरच्या आवाजाचं काही पडलेलं नसतं, मृदंग आणि झांज त्याच्या शंभरपट जोरात असतात.

उजेडाचं गणित मात्र दोन्हीकडे नव्यानं शिकावं लागतं. निगेटिव्हवर आपण सावलीकडे बघून एक्स्पोजर द्यायचो, थोडं जास्त गेलं तरी फिल्म सांभाळून घ्यायची. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की गेलं, तिथं काही उरतच नाही. मंगेशीचा पांढरा दीपस्तंभ भर दुपारी डी700 वर मीटर सांगेल तसा काढा, उन्हाकडची बाजू सपाट कागद होते. म्हणून एक्स्पोजर कमी ठेवायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या. इथं बारा वर्षांचं अंतर कळतं: झेड5 2020चा आहे, त्याच्या सावल्या भरपूर उचलता येतात, डी700 च्या उचलल्या की दाणे आणि रंगांचे डाग वर येतात. शिवाय झेड5 मध्ये पांढऱ्याला जपणारं हायलाइट-वेटेड मीटरिंग आहे. निकॉननं ते 2014 मध्ये डी810 पासून आणलं, डी700 ला ते नाही. काळ्या संकासुरामागं एलईडी असेल तर त्या मीटरिंगसारखी सोय नाही. आयएसओ म्हणाल तर डी700 वर मी 3200 च्या वर जात नाही, झेड5 वर 6400 ला बिनधास्त जाते. 400 ची फिल्म 1600 ला ओढून धुवायला देणाऱ्यांना हे दोन्ही श्रीमंतीच वाटेल.

रंगाबद्दल "जुन्या सेन्सरचे रंग फिल्मसारखे" असं बरंच ऐकलं होतं. मला तसं काही दिसलं नाही. रॉ फाइल नीट उघडली तर दोन्ही एकमेकांच्या जवळ आणता येतात. खरा सुटकेचा श्वास टाकला तो चवथीच्या माटोळीसमोर, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीसमोर. ट्यूबलाइटखाली फिल्मवर कांगलांचा केशरी, सुपारीची शिपटी, आंबाडे, सगळं हिरवट व्हायचं. आता व्हाइट बॅलन्स नीट केला की कांगलं कांगलासारखं दिसतं, आणि हे डी700 वरही तितकंच छान.

मेगापिक्सेलची चर्चा थोडक्यात संपवते. डी700 ची फाइल 300 डीपीआयला साधारण 14 बाय 9 इंच छापते, झेड5 ची 20 बाय 13. घरात लावायला पहिली पुरते. फोटो कापून घ्यायची सवय असेल तर दुसरी.

पावसात डी700 वर माझा जीव आहे. आषाढात माशेलच्या चिखलकाल्यात सगळे चिखलात लोळत असताना तो घेऊन मी मधोमध उभी राहते. जवळपास किलोभर वजनाची बॉडी, खांदा दुखतो, पण ओल्या कपड्यानं पुसली की परत तयार. भावाचा झेड5 तिथं नेण्याची हिंमत नाही. त्यालाही सील आहेत, पण जुनी लेन्स आणि अ‍ॅडॉप्टरच्या सांध्याला रबर नाही.

जुना घेणार असाल तर शटरचा आकडा बघा. डी700 चं शटर दीड लाखासाठी तपासलेलं आहे. पकडीचं रबर सुटून फुगलंय का बघा, आमच्या दमट हवेत ते लवकर सुटतं. एफ/16 ला आकाशाचा फोटो काढून डाग मोजा. फिल्मवर प्रत्येक फ्रेम कोरी असायची, इथं सेन्सरवरची धूळ प्रत्येक फोटोत त्याच जागी बसते. कार्ड कॉम्पॅक्टफ्लॅश लागतं; इथल्या दुकानात मागितलं की माणूस आपल्याकडे बघत राहतो. जुन्या बॅटऱ्या दम सोडतात. झेड5 दिवसाला डी700 पेक्षा बॅटरी जास्त खातो, पण यूएसबीवर, गाडीत, पॉवरबँकवर चार्ज होतो. बुरशीसाठी दोघांनाही ड्राय कॅबिनेट, 40 ते 50 टक्के आर्द्रतेवर. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल.

मॅन्युअल लेन्स जास्त असतील तर सेकंडहँड झेड5 घ्या. 2025 मध्ये झेड5 टू आल्यावर जुना विकायला काढणारे भेटतात. निकॉनचाच मिररलेस झेडएफ एफएम2 सारखा दिसतो आणि डायलही मस्त आहेत, पण दिसण्याचे जादा पैसे मोजायचे का ते तुम्ही ठरवा. माझ्या 80-200 सारख्या एएफ-डी लेन्स जास्त असतील तर डीएसएलआरच, पण डी700 ऐवजी 2014चा डी750 शोधा: मोटर आहे, खुंटी आहे, पांढऱ्याला जपणारं मीटरिंग आहे आणि साधं एसडी कार्ड चालतं.