लॅमिंग्टन रोडचा जुना थिंकपॅड, त्यावर लिनक्स मिंट आणि घरातली दोन मुलं

मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की आमच्या भांडुपच्या सोसायटीत दोनच सल्ले मिळतात. एक तर नवाकोरा लॅपटॉप घ्या, नाहीतर टॅब द्या हातात आणि मोकळे व्हा. मी गेल्या दिवाळीत तिसरा रस्ता धरला. एखाद्या ऑफिसातून निघालेला लेनोवो थिंकपॅड टी४७० घेतला आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. लेक आठवीत आहे, धाकटा तिसरीत, शिवाय सासूबाई त्याच मशीनवर सकाळी पेपर वाचतात आणि संध्याकाळी कीर्तनं ऐकतात. इतके महिने वापरून माझं मत पक्कं झालंय: शाळकरी मुलांच्या घराला यापेक्षा चांगला कॉम्प्युटर या पैशांत मिळत नाही. स्वस्त आहे, हे त्याचं दुसरं कारण. पहिलं कारण हे की या मशीनमध्ये लावलेलं प्रत्येक कुलूप मी मुलांना उघडून दाखवू शकते.

आधी मशीनबद्दल. टी४७० हे २०१७चं मॉडेल, इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ इंटेलच्या सातव्या पिढीतल्या अगदी मोजक्या प्रोसेसरना चालतं. या लॅपटॉपमधला त्यांत नाही. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे कंपन्यांनी हे लॅपटॉप गठ्ठ्याने काढले आणि ते लॅमिंग्टन रोडवर येऊन पडले. कीबोर्ड आजच्या पातळ लॅपटॉपपेक्षा कितीतरी सरस, आणि त्याच्या खाली पाणी निचरायला भोकं ठेवलेली आहेत. तिसरीतला मुलगा शेजारी बसणार असेल तर हे महत्त्वाचं. बॅटऱ्या दोन, एक आतली आणि एक बाहेरून काढता येणारी. रॅमला दोन खाचा आहेत, म्हणून ८ जीबीचं १६ करायला मागचं झाकण काढून एक पट्टी खोचली की काम झालं.

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून चालत गेलात तर पाट्यांवर रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग दिसेल, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. दुकानाचं नाव मी देत नाही, कारण तिथे माल रोज बदलतो. चांगलं दुकान शोधण्यापेक्षा चांगलं मशीन ओळखता यायला हवं. मी घरूनच मिंटचा पेनड्राइव्ह घेऊन गेले होते. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, विंडोज डालके देता हूं, ऑफिस भी फ्री." त्याला म्हटलं, राहू दे. ते फुकटचं विंडोज कुठल्या तरी अॅक्टिव्हेटरने, म्हणजे लायसन्स चुकवणाऱ्या चोरट्या प्रोग्रामने, चालू केलेलं असतं आणि त्या अॅक्टिव्हेटरने आत आणखी काय सोडलंय ते त्या पोरालाही ठाऊक नसतं. असल्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकणं मला सहनच होत नाही.

दुकानात उभ्या उभ्या या गोष्टी बघाच. चालू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी मूळ सेटिंगमध्ये, जा. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशीन परत करा, मग किंमत कितीही उतरवू देत. जुन्या कंपनीने लावलेला सुपरवायझर पासवर्ड काढायला अधिकृत उपाय एकच, मदरबोर्ड बदलणे. बायोसच्या सिक्युरिटी पानावर अॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाची सोय चालू आहे का तेही बघा. ती चोरीला गेलेलं मशीन दुरून शोधायला असते आणि चालू राहिली तर तुमचं मशीन दुसऱ्याच कुणाच्या तरी यादीत राहतं. मग एफ१२ दाबून पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करा. डिस्कला हात न लावता ते नुसतं पेनड्राइव्हवरून चालतं. वायफाय, आवाज, कॅमेरा, सगळी बटणं तपासा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, यूपॉवरची आज्ञा दिली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. मला दाखवलेल्या मशीनची बाहेरची बॅटरी निम्म्याहून खाली उतरलेली निघाली. आकडे स्क्रीनवर असल्यामुळे वाद झाला नाही, दुकानदाराने दुसरी लावून दिली. स्क्रीनचंही बघा: या मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८चा फिका पॅनलही येतो आणि १९२० बाय १०८०चा चांगलाही. बाजूने बघितल्यावर रंग उलटे दिसले तर तो फिका. मुलं तासन्‌तास बघणार, हजार-दोन हजार इथे वाचवू नका.

पेनड्राइव्ह बनवताना लेकीला शेजारी बसवलं होतं. २० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटच्याच वेबसाइटवर हल्ला झाला होता. हल्लेखोरांनी डाउनलोडची लिंक बदलून, गुपचूप आत शिरता येईल असं मागचं दार ठेवलेली फाइल लोकांच्या गळ्यात घातली. मिंटच्या लोकांनी ते लपवलं नाही, लगेच जाहीर केलं. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी फाइल तपासते आणि तेच तिला शिकवलं. शा२५६ बेरीज, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा ठसा, काढली, चौसष्ट अक्षरांची ओळ आली, ती तिने मोठ्याने वाचली, मी वेबसाइटवरच्या ओळीशी ताडून पाहिली. मग तिनेच विचारलं, "पण आई, वेबसाइटच त्यांनी बदलली असेल तर ही ओळपण बदलतील ना?" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सही. त्या बेरजांच्या यादीवर मिंटने केलेली जीपीजी नावाची डिजिटल सही असते, ती त्यांच्या गुप्त किल्लीशिवाय करता येत नाही आणि त्यांच्या जाहीर किल्लीशी जुळवून बघता येते. आठवीतल्या मुलीने हा प्रश्न आपणहून विचारला, याचा मला जो आनंद झाला तो तिच्या गणिताच्या मार्कांनीही होत नाही.

खालच्या मजल्यावरचे काका नेहमी विचारतात, "फुकटचं आहे, कोणीही आत काहीही घालत असेल, मग सुरक्षित कसं?" शंका खोटी नाही. मार्च २०२४मध्ये लिनक्सवरच्या एक्सझेड नावाच्या फाइल दाबणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये मागचं दार सापडलं होतं आणि ते घालणाऱ्याने आधी बराच काळ काम करून विश्वास मिळवला होता. पण ते पकडलं कसं? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने खोदत खोदत मुळापर्यंत जाऊन जगाला सांगितलं. सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांना उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं. मिंटसारख्या नवं सावकाश घेणाऱ्या लिनक्सच्या प्रकारांपर्यंत ते व्हर्जन पोचलंच नव्हतं. घरच्या मशीनवर सगळ्यात नवं ते सगळ्यात आधी हवं, या हट्टाला मी म्हणूनच थारा देत नाही. मिंट २२ उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बेतलेलं आहे आणि त्याला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. लेकीची दहावी त्याआधी होईल.

आता रोजच्या वापराचं. घरात चार खाती आहेत. अॅडमिन माझं एकटीचं. मुलं आणि सासूबाई साध्या खात्यावर. साध्या खात्याला सिस्टममध्ये काही घालता-काढता येत नाही. वेळेसाठी टाइमकेपीआर-नेक्स्ट वापरते, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतं. रोज किती वेळ आणि कुठल्या तासांत, हे खात्यागणिक ठरवता येतं. याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उरलेला वेळ खालच्या पट्टीवर मुलांना सतत दिसत राहतो. मशीन अचानक बंद पडलं म्हणून रडारड होत नाही. लेकीने पहिल्याच आठवड्यात घड्याळ मागे करून बघितलं. मशीनने पासवर्ड मागितला. माझ्याकडे येऊन म्हणाली, "तारीखपण बदलता येत नाही?" म्हटलं, नाही, कारण वेळ त्यावरच मोजला जातो. मग तिला टाइमकेपीआरच्या सेटिंगचं पान उघडून दाखवलं. विज्ञानाच्या प्रकल्पाच्या आठवड्यात जास्त तास हवेत म्हणून ती कागदावर हिशोब मांडून आली आणि तिने ते मिळवलेही.

मुलांचे मेसेज वाचणारी, स्क्रीनचे फोटो काढून आईबापांना पाठवणारी अॅपं बाजारात ढिगाने आहेत. मी त्यांतलं एकही बसवलं नाही आणि बसवणार नाही. असं अॅप मुलांचा सगळा खाजगी संसार कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतं आणि मुलांना लपवायला शिकवतं. माझ्या घरी आडकाठी आहे ती उघडी आहे. राउटरवर क्लाउडफ्लेअरचा कुटुंबांसाठीचा १.१.१.३ हा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, लावलाय, त्याने मालवेअर आणि अश्लील साइट अडतात. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन आहे. मोबाइल डेटावर हा डीएनएस लागू होत नाही, हेही लेकीला मीच सांगितलं आणि मग त्यावर बोललो.

लॅपटॉप कधी क्लासला जातो, तोही लोकलने. म्हणून बसवतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याच्या पर्यायावर टिक केली. बॅग राहिली किंवा कोणी उचलली तर लॅपटॉप जाईल, आधार आणि पॅनच्या स्कॅन जाणार नाहीत. सुरू करताना लागणारा तो लांब पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवलाय. ऑफिसातले सहकारी यावर नाक मुरडतात. पण आमच्या कपाटापर्यंत पोचणारा चोर आणि लॅपटॉप पळवणारा चोर एकच असण्याची भीती मला फारशी वाटत नाही. मी आजारी पडले तर सासूबाईंना मशीन उघडता आलं पाहिजे, ही चिंता त्याहून खरी. बॅकअपचं थोडक्यात: मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टमचा फोटो काढून ठेवतं, तुमच्या फाइलींचा नाही. फाइलींसाठी वेगळी बाहेरची डिस्क ठेवा. एक डिस्क इथे आणि एक साताऱ्याला माझ्या माहेरी, अशी आमची सोय आहे.

मराठीच्या बाबतीत हे मशीन मला फार आवडतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट आणि रोमन उच्चारांची पद्धत, दोन्ही मिळतात. लेक उच्चारांनी लिहिते. धाकट्याला मात्र इनस्क्रिप्टच लवकर जमलं. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, ही मांडणी त्याच्या बोटांत सहज बसली, कारण रोमनची सवयच नव्हती. "दऱ्याखोऱ्या" लिहिताना तो डोळ्यातल्या पापणीसारखा र पहिल्यांदा नीट उमटला तेव्हा त्याने तो शब्द पानभर लिहिला. लिबरऑफिसचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात, सासूबाई तेच वापरतात. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे आहेत, लिनक्सपासून लिबरऑफिसपर्यंत, प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा. पवईत, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, हे इतकं मोलाचं काम झालंय आणि पालकांच्या ग्रुपमध्ये त्याचं नावही निघत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

काय चालत नाही तेही सांगते. बोटांच्या ठशाचा सेन्सर मिंटमध्ये आपोआप चालू होत नाही. मी तो सोडून दिला. टॅली लिनक्सवर येत नाही, त्यामुळे नवऱ्याचं हिशोबाचं काम त्याच्या वेगळ्या लॅपटॉपवर. खेळांपैकी माइनक्राफ्टची जावा आवृत्ती छान चालते, व्हॅलोरंट चालत नाही आणि चालेल अशी आशाही धरू नका. एका परीक्षेसाठी फक्त विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागलं, तेव्हा नवऱ्याचा लॅपटॉप कामी आला. आमचा जुना प्रिंटरही रुसून बसला होता. नवा घेताना लिनक्सवर विनाड्रायव्हर चालणाराच घ्या.

आणि लॅपटॉपवर कितीही चांगलं कुलूप लावलं तरी घरातली मोठी चोरी फोनमधून होते. सासूबाईंना लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी, फाइल आली. दुसऱ्या वेळी "तुमच्या नावाचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, व्हिडिओ कॉलवरून हलायचं नाही," असा फोन आला. त्यांनी तो कापला, कारण घरात ठरलेलं आहे: समोरचा घाई करायला लागला की फोन ठेवायचा आणि घरच्यांना विचारायचं. डिजिटल अटक अशी गोष्ट कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर १९३०वर तत्काळ फोन करायचा, तो नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावलाय.

लेकीने आता अॅडमिनचा पासवर्ड मागितला आहे. मी हो म्हटलंय, अट एक: दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरच्या जुन्या डेस्कटॉपवर तिने एकटीने मिंट बसवायचं. सही तपासण्यापासून डिस्क एन्क्रिप्ट करण्यापर्यंत सगळं तिनेच करायचं आणि धाकट्याचं साधं खातं त्यावर उघडून त्याचे तासही तिनेच त्याच्याशी बोलून ठरवायचे. पेनड्राइव्ह तिने आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.