एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घेताना चुंबक सोबत न्या

छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात माझं गॅरेज आहे. जालन्याच्या एका काकांची १९४९ ची बेंटले मार्क सिक्स कामाला आली. सहा सिलिंडर, ४,२५७ सीसी. हवा-पेट्रोल आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, जळका धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. वडिलांनी हैदराबादहून आणलेली गाडी. तुळशीचं लग्न झालं की नातीची वरात यातूनच काढायची, एवढंच काकांचं म्हणणं.

सहाही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेले. बाहेरगावच्या एका विक्रेत्यानं '२१-४ एन' या एक्झॉस्टसाठीच्या उष्णता सोसणाऱ्या पोलादाचे, विलायतेहून आलेले सांगून ५४,००० रुपये घेतले. पावती हातानं लिहिलेली, जीएसटी नंबर नाही. तिथंच मी मागं फिरायला पाहिजे होतं.

इंजिन गाडीत चढवण्याआधी वाळूजला मित्राच्या कारखान्यात डायनोवर (इंजिनाला भार देऊन तपासायचं यंत्र) २५ तास लोडखाली चालवतो, दर चार तासांनी व्हॉल्व्हची दांडी आणि तिला ढकलणारा टॅपेट यांच्यातली फट बघतो. पहिल्याच वेळी एक्झॉस्टची फट दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, कमी भरली. नवीन सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) बसतेय समजून मी ती पुन्हा लावली. दुसऱ्या वेळी परत तेच. बारा तासांनंतर लोड वाढवला आणि सतराव्या तासाला सायलेन्सरमधून फटफट सुरू झाली. चौथ्या सिलिंडरचं कम्प्रेशन गेलं होतं.

हेड उघडलं तर त्या व्हॉल्व्हची कड उंदरानं भाकरी कुरतडावी तशी. बाकी पाचांच्या दांड्या लांबलेल्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं लोडखाली ७०० अंशांच्या आसपास तापतं आणि ती उष्णता बहुतेक सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. दांडी ताणली की फट संपते, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि उघड्या राहिलेल्या कडेतून जाळ निघतो. फट कमी होत होती ती म्हणून.

विक्रेता म्हणाला, "पेट्रोलचा दोष आहे, त्यात आता शिसं नसतं." शिसं २००० साली बंद झालं, त्याशिवाय जुन्या मऊ सीट झिजतात, दोन्ही खरं. पण मी कडक सीट बसवल्या होत्या आणि त्या शाबूत होत्या.

मग चुंबक लावला. डोक्याला घट्ट चिकटला. २१-४ एनला चुंबक धरत नाही. दांडीला चिकटला तर मात्र लगेच संशय घेऊ नका. चांगल्या व्हॉल्व्हलाही कधीकधी वेगळ्या पोलादाची दांडी जोडलेली असते. डोकंच तपासा. लॅबमध्ये स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ती चाचणी) केली: सिलिकॉन ३ टक्के, क्रोमियम साडेआठ, निकेल जवळजवळ नाहीच. कमी तापणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हचं पोलाद, वरून चकचकीत पॉलिश.

काकांनी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार दिली. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. वरात भाड्याच्या गाडीतून निघाली. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी मला दाखवून बसव बाबा." नवे व्हॉल्व्ह मी पदरच्या पैशानं मागवलेत. आले की काकांना बोलावून चुंबक त्यांच्याच हातात देणार आहे.